स्कॉटलंडसारखी सत्ता कोकणाला मिळाली तर वाडीचा साकव होईल का?

प्रश्न गुहागर तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. त्याच्या वाडीचा साकव, म्हणजे पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) पायी जायचा लहान पूल, पावसात मोडला तो मोडलाच, पोरं पऱ्यातून पाण्यातनं शाळेत जातात. सरपंच म्हणतात ग्रामपंचायतीकडे फंड नाही, जिल्हा परिषद म्हणते जिल्हा नियोजनच्या पैशातून घ्या, आमदारांचा माणूस म्हणतो केंद्राने राज्याचे पैसे अडवलेत. ह्याने कुठेतरी स्कॉटलंडबद्दल वाचलं की लंडनने त्यांना स्वतःचं पार्लमेंट दिलं, आणि विचारतोय की आपल्याकडे दिल्लीने नक्की किती सत्ता खाली सोडली, ती कुठे अडकली, आणि कोकण वेगळं राज्य झालं तर सुटेल का हे सगळं.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी (पंचायत) म्हणून नोकरी केली, आता रिटायर आहे. म्हणजे दप्तर तपासणी, ग्रामसभेच्या तक्रारी, सरपंचावरचे अविश्वास ठराव ह्यातच आयुष्य गेलं. त्यामुळे पुस्तकातलं थोडं आणि दप्तरातलं जास्त सांगेन. आधी उत्तर सांगून टाकतो: तुमचा साकव दिल्लीत अडकलेला नाही. दिल्लीत अडकणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्याही आहेतच. साकव अडकलाय तो मुंबईत मंत्रालय आणि जिल्ह्याचं नियोजन ह्यांच्या मधे कुठेतरी.

स्कॉटलंडचं आधी. तिथे 1997 च्या सप्टेंबरात लोकांचा कौल घेतला, 1998 ला कायदा झाला आणि 1999 ला एडिंबराला पार्लमेंट बसलं. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्या कायद्यात स्कॉटलंडला काय दिलं त्याची यादीच नाहीये, लंडनने स्वतःकडे काय ठेवलं त्याची यादी आहे, संरक्षण, परराष्ट्र, चलन वगैरे, आणि जे यादीत नाही ते सगळं स्कॉटलंडचं. आपल्याकडे बरोबर उलटं, केंद्र सूची, राज्य सूची, समवर्ती सूची अशा तीन याद्या आणि तिन्हीत न बसणारं जे काही उरेल ते केंद्राचं. पण स्कॉटलंडवाल्यांची ती सत्ता म्हणजे कुळाने जमीन कसावी आणि सातबाऱ्यावर नाव मात्र लंडनचं राहावं असा प्रकार. लंडनच्या पार्लमेंटने कायदा करून दिलं, ते पार्लमेंट सर्वोच्च. 2016 ला कायद्यात घातलं की स्कॉटिश पार्लमेंट कायमचं, लोकांना विचारल्याशिवाय मोडणार नाही. तरीसुद्धा 2022 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्वातंत्र्याचा कौल घ्यायचा कायदा तुम्ही लंडनला न विचारता करू शकत नाही.

आपल्याकडे राज्यांना अधिकार संविधानाने दिलेत, कुठल्या सरकारच्या मर्जीने नाही, हा मोठा फरक. मात्र अनुच्छेद 3 वाचा. राज्य तोडणं, जोडणं, सीमा बदलणं हे संसद साध्या बहुमताने करू शकते, राज्याच्या विधानसभेचं मत मागवतात पण ते मानलंच पाहिजे असं नाही. म्हणजे राज्यांचे अधिकार पक्के आणि राज्य स्वतः मात्र पुसता येतं, असा आपला विचित्र मामला आहे. 2019 ला जम्मू काश्मीरचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.

आता दिल्लीचं काय काय आपल्या दारात येतं ते किनाऱ्यावर बसून बघा. बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याची, त्याच्यापलीकडची केंद्राची. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा 1981 चा, 2021 ला सुधारला. पर्ससीनवर (मोठ्या घेरजाळ्याच्या मासेमारीवर) राज्याने 2016 च्या फेब्रुवारीत निर्बंध आणले ते बारा मैलांच्या आतल्यासाठी. एलईडी लावून मासेमारी बाहेरच्या पाण्यात केंद्राने 2017 च्या नोव्हेंबरात बंद केली. कागदावर एकदम चोख. आता रापणवाला (किनाऱ्यावरून जाळं ओढणारा) किंवा छोट्या होडीवाला मालवण-आचऱ्याच्या समुद्रात रात्री लाईट बघतो तेव्हा ती बोट साडेअकरा मैलांवर आहे की साडेबारावर हे कोण मोजणार, आणि मोजलं तरी ती परराज्यातली हायस्पीड ट्रॉलर असेल तर तिला पकडायला गस्तीची बोट कुणाची जाणार? इथे अधिकार वाटलाय पण राबवायचं साधन वाटलेलं नाही. मच्छीमार सोसायटीवाले फिशरीज ऑफिसात जातात, तिथला अधिकारी कोस्टगार्डकडे बोट दाखवतो.

सीआरझेडचं (किनाऱ्यावरच्या बांधकामाला निर्बंध घालणाऱ्या नियमांचं) तसंच. 1991 ला पहिली अधिसूचना आली, मग 2011, मग 2019, सगळ्या दिल्लीच्या, 1986 च्या पर्यावरण कायद्याखाली. 2019 च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले, जिथे 2011 च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त लोक राहतात तिथे भरतीरेषेपासून 50 मीटर ना विकास क्षेत्र, बाकी ठिकाणी 200 मीटर. आता मला सांगा कोकणातल्या किती गावांची घनता 2161 आहे? नारळीच्या बागा, मधे मधे घरं, वरच्या अंगाला कातळ, अशी आपली गावं. थोडक्यात दाटीवाटीच्या केरळच्या किनाऱ्याला सूट मिळाली आणि आपण 200 मीटरमधे राहिलो. मी सीआरझेडच्या विरोधात नाही, नसता तर आत्तापर्यंत निम्मे किनारे रिसॉर्टवाल्यांनी खाल्ले असते. पण आकडा दिल्लीत ठरतो आणि घराचा पडवीचा वासा बदलायला आलेला माणूस ग्रामपंचायतीत येऊन सरपंचाशी भांडतो, सरपंचाला त्यातलं काही माहीत नसतं, हे रोजचं आहे.

मुंबई-गोवा हायवेबद्दल मी जास्त लिहित नाही, बीपी वाढतं. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा विषय. काम 2011 ला सुरू झालं, पनवेल ते इंदापूर (रायगडातलं) राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि पुढचं राज्याच्या सार्वजनिक बांधकामकडे, त्यामुळे दरवर्षी गणपतीच्या आधी राज्याचा मंत्री खड्डे बघायला येतो, फोटो होतात, आणि पुढचं तुम्हाला माहितीय.

पैशाचं बघू. आमदारांचा माणूस जे म्हणतो ते अगदीच खोटं नाही. केंद्राच्या वाटपयोग्य करातला राज्यांचा हिस्सा 14 व्या वित्त आयोगाने 32 टक्क्यांवरून 42 वर नेला, 15 व्या ने 41 केला. ऐकायला मोठं वाटतं पण सेस आणि सरचार्ज (उपकर आणि अधिभार) ह्या वाटपात येतच नाहीत, ते सगळे केंद्राकडेच राहतात, म्हणून केंद्राला पैसे हवे असले की कर वाढवण्यापेक्षा सेस लावणं सोयीचं पडतं. जीएसटी 1 जुलै 2017 ला आला तेव्हा राज्यांचे बरेच कर त्यात गेले, दर ठरवायचा अधिकार कौन्सिलकडे, तिथे केंद्राचं वजन एक तृतीयांश आणि ठराव व्हायला तीन चतुर्थांश लागतात, म्हणजे केंद्राने नाही म्हटलं की विषय संपला. महाराष्ट्राला 15 व्या आयोगात राज्यांच्या हिश्शापैकी 6.317 टक्के मिळाले. गोव्याला 0.386. आता 2011 च्या लोकसंख्येने भागून बघा, गोव्याच्या माणसामागे महाराष्ट्रातल्या माणसाच्या चौपटीहून जास्त पैसे येतात. ह्या आकड्याकडे परत येतो, कारण वेगळ्या कोकणाचं सगळं गणित तिथेच आहे.

तरी सुद्धा, साकव ही राज्याची गोष्ट आहे. आणि राज्याने स्वतःच्या खाली काय केलं ते बघायचं तर 1992 च्या (73 व्या घटनादुरुस्तीच्या) आधी जावं लागतं. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समिती 1960 ला नेमली, 1961 ला कायदा झाला, 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्या समितीने एक धाडसाचं काम केलं, कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं. विकासाची कामं निवडून आलेल्या लोकांकडे आणि त्यांच्या हाताखाली सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी). आमच्या आधीच्या पिढीतले लोक सांगायचे की सुरुवातीला झेडपी अध्यक्षाचा रुबाब मंत्र्यासारखा होता, मिनी मंत्रालय हे नाव उगाच नाही पडलं. मग आमदारांच्या लक्षात आलं की आपल्यापेक्षा झेडपी मेंबरकडे लोक जास्त जातात. तिथून पुढे एकेक योजना हळूहळू काढून राज्याच्या खात्यांकडे, महामंडळांकडे गेली, आणि आमदारांचा स्वतःचा फंड सुरू झाला, आज तो वर्षाला 5 कोटी आहे. तुमच्या साकवाच्या शेजारी बहुतेक सभामंडप असेल, बघा कुणाच्या फंडातून झालाय.

त्यानंतर 73 वी घटनादुरुस्ती, 24 एप्रिल 1993 पासून लागू. दर पाच वर्षांनी निवडणूक, महिलांना एक तृतीयांश जागा (आपल्या राज्यात 2011 पासून निम्म्या), राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग हे सगळं सक्तीचं केलं आणि अकराव्या अनुसूचीत 29 विषयांची यादी घातली, पाणी, रस्ते, साकव, प्राथमिक शिक्षण, मच्छीमारी सगळं. फक्त हे विषय पंचायतींना द्यायचे की नाही ते राज्याच्या विधिमंडळावर सोडलं. म्हणजे निवडणूक घेणं बंधनकारक, अधिकार देणं ऐच्छिक. खरी मेख ही आहे. केरळने 1996 ला लोकयोजना काढली तेव्हा राज्याच्या योजना खर्चातला 35 ते 40 टक्के पैसा सरळ स्थानिक संस्थांकडे दिला, तुम्ही ठरवा काय करायचं. त्यात गोंधळही झाले, पण कायदा देशभर एकच असताना तिथे घडलं आणि इथे नाही, तर मग दिल्लीला शिव्या घालून काय उपयोग.

आणि निवडणूक बंधनकारक म्हटलं तरी काय झालं? रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या जिल्हा परिषदांची मुदत 2022 च्या मार्चमधे संपली, ओबीसी आरक्षण आणि गटरचनेच्या (झेडपीच्या मतदारसंघांच्या आखणीच्या) वादात निवडणुका लटकल्या आणि वर्षांमागून वर्षं प्रशासक बसला. प्रशासक म्हणजे कोण, तर सीईओच. सीईओने प्रस्ताव करायचा आणि स्थायी समिती म्हणून त्यानेच मंजूर करायचा. मे 2025 मधे सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या. ह्या काळात तुमच्या गटाला मेंबरच नव्हता, तेव्हा साकवासाठी सभागृहात आवाज करायला होतं कोण? सरपंचाची निवड घ्या. 2017 ला थेट जनतेतून केली, 2020 ला परत सदस्यांतून, 2022 ला परत थेट. गावाने आपला सरपंच कसा निवडावा हे मुंबईत सरकार बदललं की बदलतं आणि त्यावर एकाही गावाला कुणी विचारलं नाही.

माणसं कुणाची हा प्रश्न लोक विसरतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतला गुरुजी बघा. नेमणूक पत्र झेडपीचं, पगार राज्याचा, भरती पवित्र पोर्टलवरून, बदली 2017 पासून ग्रामविकास खात्याच्या ऑनलाइन सिस्टीममधून. रत्नागिरी-सिंधुदुर्गात घाटावरची पोरं लागतात, अतिशय चांगली पोरं, पण त्यांची पहिली इच्छा आपल्या जिल्ह्यात परत जायची, त्यात काही चुकीचं नाही. आंतरजिल्हा बदल्यांची फेरी झाली की इथल्या शाळा रिकाम्या होतात, मग पालक झेडपीला कुलूप लावायला जातात. शिक्षण सभापतीच्या हातात काय असतं? निवेदन स्वीकारणं. स्थानिक डीएड मुलांना घ्या ही मागणी कितीतरी जुनी आहे, ती रत्नागिरीत मान्य होऊच शकत नाही कारण तो अधिकार रत्नागिरीत नाहीये.

आता ग्रामपंचायतीच्या खात्यात डोकावू, कारण सरपंच फंड नाही म्हणतात ते खोटं बोलत नाहीयेत, आणि पूर्ण खरंही सांगत नाहीयेत. वित्त आयोगाचा पैसा येतो. 14 व्या आयोगात सगळा ग्रामपंचायतीला, 15 व्या मधे (2026 च्या मार्चपर्यंत) आपल्या राज्यात 80 टक्के ग्रामपंचायत आणि 10-10 टक्के पंचायत समिती व झेडपी. त्यातला 60 टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता ह्यावरच. अबंधित 40. राज्याराज्यांत हा पैसा वाटताना लोकसंख्येला 90 टक्के वजन आणि क्षेत्रफळाला 10. आता आपलं गाव कसं असतं, सात-आठ वाड्या, दोन डोंगर, मधे तीन पऱ्ये, आणि माणसं बाराशे, त्यातली निम्मी नालासोपाऱ्याला. घाटावरचं एक सलग गावठाणाचं चार हजारांचं गाव घ्या, त्यांना एक पाण्याची टाकी पुरते, आपल्याला वाडीगणिक लागते, आणि पैसे मात्र डोकी मोजून. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 पेक्षा 2011 ला कमी भरली. डोकी मोजायची म्हटली की आपण हरलोच.

बरं त्या अबंधित 40 टक्क्यांवर तरी गाव मालक आहे का, तर आराखडा ग्रामसभेत करायचा, मग तो ई-ग्रामस्वराजवर (केंद्राच्या पंचायत पोर्टलवर) चढवायचा, कामाचा कोड निवडायचा, एस्टिमेट पंचायत समितीच्या अभियंत्याकडून, आणि पेमेंट करताना सरपंच आणि ग्रामसेवक दोघांचे डीएससी डोंगल (डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी चावी) लागतात. मी स्वतः बघितलेला सीन सांगतो. मार्चचा शेवटचा आठवडा, कातळावर एका ठिकाणी रेंज येते म्हणून डेटा ऑपरेटर लॅपटॉप घेऊन बाईकच्या सीटवर, ग्रामसेवकाकडे तीन गावांचा चार्ज, सरपंचबाईंचं डोंगल एक्स्पायर झालेलं, नवीन करायला आधारवरचा मोबाईल नंबर लागतो तो मुलाचा आणि मुलगा मुंबईत कंपनीत, फोन उचलत नाही. काम झालेलं, कॉन्ट्रॅक्टर बाजूला उभा. पैसे दिल्लीतनं निघून बँकेत गावाच्या नावावर पडलेले, आणि तिथून हलवायला ओटीपी लागतो तो भांडुपला. मी डिजिटलच्या विरोधात नाही, चेकबुकच्या काळात काय व्हायचं तेही मी बघितलंय, कोऱ्या चेकवर सह्या घेऊन ठेवायचे लोक. पण ज्याला आपण गावाची सत्ता म्हणतो ती इतकी आहे.

ह्याउलट राज्याच्या हातात सत्ता असली की काय होऊ शकतं ह्याची चांगली उदाहरणंही आपल्याकडेच आहेत. रोजगार हमी महाराष्ट्राने सत्तरच्या दशकात आणली, देशाचा कायदा 2005 ला झाला. आणि 1990 ला राज्याने रोहयोतून फळबाग लागवड आणली, त्यातून कोकणात आंबा-काजूच्या ज्या बागा उभ्या राहिल्या त्या दिल्लीला सुचल्या नसत्या. निसर्ग वादळाच्या वेळचं तर अगदी ताजं. 3 जून 2020, श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, इकडे दापोली-मंडणगड, सुपारीच्या वाड्याच्या वाड्या झोपल्या. आपत्ती निवारणाचा केंद्राचा तेव्हाचा निकष बहुवार्षिक पिकांना हेक्टरी 18,000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत. तो ज्याने लिहिला त्याच्या डोळ्यासमोर द्राक्षबाग नाहीतर संत्र्याची बाग असणार. आपल्याकडे वीस गुंठ्यात नारळ, सुपारी, जायफळ, मिरी एकमेकांच्या अंगावर. वीस गुंठ्याचे झाले 3,600 रुपये, आणि नवीन सुपारी धरायला पाच-सात वर्षं. राज्याने तो दर हेक्टरी 50,000 केला, पुढे ओरड झाल्यावर झाडामागे पण मदत दिली, नारळाला 250 आणि सुपारीला 50. पुरेसं होतं का, तर नाहीच. पण हेक्टर सोडून झाड मोजायला सुरुवात झाली ती खालून रेटा लागला आणि मुंबईला तेवढा अधिकार होता म्हणून. हाच निर्णय अलिबागला, जिल्ह्याच्या ठिकाणी, होऊ शकला असता तर पंचनामे करणाऱ्या तलाठ्यांनी पहिल्याच दिवशी झाडं मोजली असती.

मग वेगळं कोकण राज्य? लोक हसतात ह्याच्यावर, मी हसत नाही, कारण बांद्याच्या पलीकडे एक जितंजागतं उदाहरण आहे. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही, लोकांनी नाही म्हटलं. 30 मे 1987 ला राज्य झालं. 2011 ला गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख आणि एकट्या रत्नागिरी जिल्ह्याची सोळा लाख. त्यांना चाळीस आमदार, दोन खासदार, स्वतःचा मुख्यमंत्री. रत्नागिरीला पाच आमदार, आणि गुहागर-दापोलीवाले तर लोकसभेला रायगडात मत टाकतात. सावंतवाडी-दोडामार्गचा पेशंट सिरियस झाला की ॲम्ब्युलन्स गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलला जाते, हे आजचं नाही. विलीन झाला असता तर गोवा आज आपल्यासारखाच मंत्रालयात फाईल घेऊन उभा असता, एवढं मी नक्की म्हणेन. आणि माणशी चौपट पैशाचा तो आकडा आठवा.

पण गोव्याच्या पंचायतवाल्यांशी बोला कधी. तिथे दोन जिल्हा पंचायती आहेत, उत्तर आणि दक्षिण, आणि त्यांना काम काय हे त्यांच्या मेंबरांनाच शोधावं लागतं. सगळं पर्वरीच्या सचिवालयात. राज्य लहान झालं म्हणून सत्ता आपोआप वाडीपर्यंत उतरते असं नाही, उलट मंत्री इतका जवळ असतो की झेडपीची गरजच काय असं वाटायला लागतं. त्यामुळे वेगळ्या राज्याने पैसा नक्की वाढेल, साकवही होतील कदाचित, पण कुठला साकव आधी हे ठरवायला तुमच्या वाडीला तेव्हाही मंत्र्याच्याच दारात बसावं लागेल. मला विचाराल तर राज्य मागण्याच्या आधी झेडपीला 1962 मधे जे होतं ते मागा. ते मागायला संसदेची गरज नाही, विधानसभेतल्या साध्या कायद्याने होतं. म्हणूनच कुणी मागत नाही, कारण आमदारालाच ते स्वतःच्या खिशातून द्यावं लागेल.

खालची सत्ता म्हणजे सगळं गोडच असंही समजू नका. 1937 ला प्रांतांना स्वायत्तता मिळाली, मुंबई प्रांताचं निवडून आलेलं विधिमंडळ बसलं, आणि त्याच वर्षी बाबासाहेबांनी त्यात खोती (गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताची जमीनदारी) नष्ट करायचं बिल मांडलं. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. जानेवारी 1938 ला कोकणातल्या हजारो कुळांचा मोर्चा कौन्सिलवर गेला. बिल तेव्हा काही झालं नाही, खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. ह्यातून दोन्ही दिसतं, सत्ता लंडनहून मुंबईत आली म्हणून कुळाचा प्रश्न सभागृहात आला तरी, आणि गावातली सत्ता खोताकडे होती म्हणून त्याला मुंबईपर्यंत यावं लागलं. संविधान सभेत बाबासाहेब गावाबद्दल इतकं कडक का बोलले ते कोकणातल्या माणसाला समजवायला लागू नये. आजही आमच्याकडे ग्रामसभेच्या आधी गावकी बसते, पालखी कुठून जाणार इथपासून पाण्याची लाईन कुठल्या वाडीला आधी इथपर्यंत तिथे ठरतं, आणि ग्रामसभा त्यावर शिक्का मारते. गावकीत बाया नाहीत, बौद्धवाडीतलं तर कुणी नाहीच. म्हणून मी आरक्षणाच्या आणि दप्तर तपासणीच्या बाजूने आहे, गावाला अधिकार द्या आणि वरून बघणारा डोळा पण ठेवा.

राजापुरातल्या नाणार रिफायनरीच्या वेळी लोकांनी मला विचारलं होतं, ग्रामसभेने विरोधाचा ठराव केलाय, मग प्रकल्प रद्दच ना? नाही. आदिवासी क्षेत्रात पेसा (अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा) आहे, पालघरमधे लागू आहे, तिथे भूसंपादनात ग्रामसभेला कायद्याचं बळ आहे. राजापुरात तसं नाही, तिथे ठराव म्हणजे लोकांचं मत, बंधनकारक नाही. नाणारची अधिसूचना 2019 ला रद्द झाली ती राजकीय दबावाने, ठरावाच्या कायदेशीर ताकदीने नाही. ठराव करूच नका असं नाही म्हणत, करा, पण तो कुठल्या कायद्याने कुणाला बांधतो हे माहीत असू द्या.

आता साकव. हे नीट वाचा. आधी ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 23 बघायला मागा, रस्त्यांची नोंदवही. तुमची पाखाडी (दगडी पायवाट) आणि तो साकव त्यात लागलाय का? माझा अंदाज, नसेल. 23 नंबरला नाही तर सरकारच्या दृष्टीने तो रस्ताच नाही, आणि कुठलाच फंड त्याच्यावर टाकता येत नाही. नोंद करायला जमीनवाल्यांची संमती लागते, आणि इथे कोकणातली खरी गंमत सुरू होते, सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मे वारलेले, वारस मुंबईत. हे काम दिल्ली करणार नाही, मंत्रालय पण नाही, हे वाडीच्या मुंबई मंडळालाच (मुंबईतल्या वाडीकरांच्या मंडळालाच) करायला लागतं. गणपतीत सगळे गावी असतात तेव्हा संमतीपत्रं सह्या करून घ्या.

मग ग्रामसभेत ठराव, आणि कोरम पूर्ण असलेल्या सभेत घ्या, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जे कमी असेल ते. तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून बहुतेक ठराव तहकूब सभेतच होतात, पण मग विरोधक बोट ठेवायला मोकळे. ठरावात साकव कुठे ते नीट लिहा, कुठल्या पऱ्यावर, कुठल्या दोन वाड्यांमधे, शाळेत किती पोरं जातात. नुसतं साकव दुरुस्ती व्हावी असं मोघम नको. ठराव झाला की झेडपीच्या बांधकाम उपविभागाकडून एस्टिमेट, आणि ते जिल्हा नियोजनच्या साकवाच्या लेखाशीर्षाखाली मागा. जिल्हा नियोजन समितीत संविधानाप्रमाणे चार पंचमांश मेंबर झेडपी आणि नगरपालिकांतून निवडलेले असायला हवेत, अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव कलेक्टर. तुमच्या गटाचा झेडपी मेंबर असेल तर त्याला विचारा की ह्या वर्षीच्या साकवांच्या यादीत आपला आहे का, कितव्या नंबरला, आणि यादी कोणत्या निकषावर लावली. नसेल सांगत तर माहितीच्या अधिकारात मागच्या तीन वर्षांची मंजूर साकवांची यादी आणि समितीची इतिवृत्तं मागवा. यादी हातात आली की शांतपणे नकाशावर टिक करत बसा, साकव कुठल्या बाजूला जास्त झालेत ते दिसेल.

आणि वित्त आयोगाच्या पैशाचं तुमच्या ग्रामपंचायतीचं पेज मोबाईलवर उघडा, ई-ग्रामस्वराजवर सगळ्यांना दिसतं, लॉगिन लागत नाही. अबंधितमधे किती शिल्लक आहे ते बघूनच सरपंचांकडे जा. तेवढ्यात नवा साकव होणार नाही, पण पावसाआधी लोखंडी पाट्या टाकून तात्पुरता करण्याइतके पैसे बहुतेक निघतील. ग्रामसेवक म्हणेल कोड मिळत नाही. पंचायत समितीत आत्ता जो विस्तार अधिकारी असेल त्याला सोबत घेऊन बसा, कोड मिळतो.